आपल्या माणसाचा पेनड्राईव्ह

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात कुणाचा लॅपटॉप अडला की तो माझ्या टेबलावर येतो, आणि मी तो आधी उलटा करायला लावते. पाठीवरचं स्टिकर वाचा म्हणते. मॉडेलचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट, कागदावर उतरवा म्हणते. मग कंपनीच्या साईटचा पत्ता स्वतःच्या हातानं टाईप करा, शोधल्यावर पहिलं आलं म्हणून दाबू नका, पहिली येते ती बहुतेक वेळा जाहिरात असते. ड्रायव्हर, म्हणजे वायफाय, पंखा असले भाग चालवणारे बारके प्रोग्राम, तिथूनच घ्या, नाय तर विंडोजच्या स्वतःच्या अपडेटमधून. नवे क्लार्क हसतात. मॅडम पत्रिका मांडायला बसल्या म्हणतात. हसा म्हणते मी, दात दिसू द्या. पण नंबर लिहिल्याशिवाय मी पुढं सरकू देत नाय, आणि आतल्या फायलींची कॉपी दुसरीकडं झाल्याशिवाय तर हातच लावू देत नाय. ही अक्कल मला फुकट आलेली नाय. आणि मला आली खरी, पण भोगलं दुसऱ्यांनीच.

माझं माहेर गोदावरीच्या अंगाला. गंगापुरात जीप बदलून जायचं, आणि उतरल्यावर गावापासून आणखी कोसभर चालायचं. धनगरांची तीसेक घरांची वस्ती. गावात टँकर यायचा, वस्तीला यायचा नाय, कारण कागदावर असं होतं की उन्हाळ्यात तिथं कुणी राहतच नाय, सगळे मेंढरं घेऊन बाहेर पडतात. हे खोटं नव्हतं, जुनं होतं. बापाच्या काळात खरंच घरंच्या घरं उठायची. आता दोन-चार गडी मेंढरांमागं जातात, बाकीचे मजुरीला, पोरं शाळेत, म्हातारी माणसं नि बाळंतिणी घरीच. सलग दुसऱ्या साली पावसानं दगा दिला तेव्हा माझ्या धाकट्या भावानं कचेरीच्या चकरा सुरू केल्या. तिथल्या साहेबांनी त्याला हाकललं नाय, उलट नीट सांगितलं. माणसं सलग महिनोन्‌महिने तिथंच राहतात हे दाखवा, तारखेचे आणि जागेचे फोटो आणा, मग टंचाईच्या प्रस्तावात वस्तीचं नाव घालू.

भाऊ आठवी शिकलेला, पण कामाला पक्का. फोटोवर तारीख आणि ठिकाण आपोआप उमटतं असं एक ॲप मीच त्याच्या फोनात टाकून दिलं. दिवाळीपासून दर सोमवारी तो घरोघर फिरला. दाराशी उभी माणसं, शाळेतून आलेली पोरं, रिकाम्या हंड्यांची रांग, लांबच्या शेतातल्या विहिरीकडं चाललेल्या बाया. फोन बारका, त्यात जागा उरायची नाय. म्हणून महिन्यातून एकदा तो शहरात माझ्याकडं यायचा, फोटो लॅपटॉपात ओतायचा, फोन मोकळा करायचा आणि परत जीप धरायचा. फोन मोकळा कर असं सांगणारी मीच. आणखी कुठं कॉपी ठेवावी हे ना त्याला सुचलं, ना मला, आणि दोघांत शिकलेली मी.

आम्ही तेव्हा बायपासच्या पलीकडं नव्या फ्लॅटात राहायला आलो होतो. चारी बाजूंनी बिल्डिंगी उगवत होत्या. नळ चकचकीत, नळाला पाणी नाय, पण एक फोन केला की टँकर दारात. भाऊ मुक्कामाला आला की तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायचा. मी चिडायचे, अरे घे की अजून, इथं कोण मोजतंय. तो म्हणायचा, सवय लागली तर तिकडं जड जाईल.

प्रस्ताव द्यायचा शेवटचा दिवस सोमवार होता. आधीच्याच आठवड्यात फोन मोकळा करून गेलेला भाऊ शनिवारी सकाळीच राहिलेले शेवटचे फोटो घेऊन आला, आणि लॅपटॉपचं नाटक सुरू झालं. कसल्याशा अपडेटनंतर आठवडाभर त्याची कुरकुर चाललीच होती. वायफाय मधेच गायब व्हायचं, पंखा घरघरायचा, आणि दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन बंद पडायची. त्या दहा मिनिटांत सगळे फोटो दुसरीकडं घेता आले असते. हे आत्ता लिहितानाही माझ्या अंगाची लाही होते. दहा मिनिटं होती माझ्याकडं, रोज होती! पण डोक्यात एकच भूत, आधी मशीन नीट करायचं, मग निवांत बसून प्रिंटा काढायच्या.

फोनवर शोधलं. पहिल्याच ठिकाणी हे एवढं मोठं हिरवं बटण, दाबा म्हणे, तुमचे सगळे ड्रायव्हर आम्ही शोधून देतो. वर भीती घातलेली, तुमचं मशीन धोक्यात आहे, मशीन न बघताच! ही ठकबाजी आहे हे मला लगेच कळलं. आपण किती हुशार, असंही वाटलं. खाली कंपनीची स्वतःची साईट होती. स्टिकरवरचा नंबर टाका म्हणत होती. मी ती बघितली आणि बंद केली.

का केली, ते सांगायला पाहिजे. आमच्या घरात कंपनी हा शब्द शिवीसारखा वापरतात. बापानं एका साली थोड्याशा रानात सरकी लावली, सीलबंद पाकिटातली, वर चमकता शिक्का. झाडं छातीला लागली आणि बोंड एक नाय. बाप पाकीट घेऊन दारोदार फिरला, तर जमिनीतच खोट आहे म्हणून त्याला वाटेला लावलं. तेव्हापासून बापानं नियमच केला की पाकीट बघायचं नाय, माणूस बघायचा. बियाणं असो, जनावराचं औषध असो, पाणी असो, घ्यायचं ते ओळखीच्या हातून. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसे आम्ही. आणि दुष्काळात हा नियम खोटा ठरला असंही नाय, ओळखीचा माणूस शब्द पाळायचा, अनोळखी पाटी पाळायची नाय. मग मी माझं सगळं शिक्षण खुंटीला टांगलं आणि आपल्या माणसाकडं गेले.

आपला माणूस औरंगपुऱ्यात एका बोळात, जिना चढून वर, लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवायचा. माझ्या आईच्या माहेरगावचा. मला ताई म्हणायचा. हा लॅपटॉप मी त्याच्याकडूनच घेतलेला, पहिल्यांदा चालूही त्यानंच करून दिलेला. त्यानं आम्हाला बसवलं, चहा सांगितला, मशीन दोनदा चालू-बंद करून बघितलं आणि म्हणाला, बायोस जुना झालाय. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर मशीनमध्ये सगळ्यात आधी जागा होतो तो बुडातला प्रोग्राम. तो नवा टाकला की वायफाय, पंखा, सगळं जागेवर येईल, अर्ध्या तासाचं काम. ड्रॉवरमधून त्यानं एक पेनड्राईव्ह काढला. कारागिरांच्या ग्रुपवर एकमेकांना धाडलेल्या फायली त्यात वर्षानुवर्षं साठवलेल्या. कुठली कुणी धाडली, हे त्यालाही आठवत नसणार.

भाऊ इतका वेळ चहाचा कप धरून उभा होता. त्यानं पुढं होऊन विचारलं, "हे ह्याच मशीनचं हाय का?"

कंपनी तीच आहे, सिरीज तीच आहे, एखादं अक्षर इकडचं तिकडं, त्यानं काय फरक पडत नाय, असं दुकानदारानं हसून सांगितलं. भावाचं समाधान झालं नाय. भाऊ म्हणजे मेंढा घ्यायला बाजारात गेला तर तो कुठल्या कळपातला, त्याची आई कसली, हे कळल्याशिवाय दाव्याला हात न लावणारा गडी. त्यानं परत विचारलं, "पन आलंय कुठनं ते?"

मला लाज वाटली. शहरात राहणारी, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी मी, आणि हा अडाण्यासारखा प्रश्नावर प्रश्न विचारतोय. मी म्हणाले, "गप रे. आपला माणूस आहे तो, त्याला कळतं."

भावानं कप खाली ठेवला आणि मागं सरकला.

स्क्रीनवर एक पट्टी भरत गेली. भरली, मशीन बंद झालं, आणि परत चालू झालंच नाय. पंखा फिरायचा, लाईट लागायची, स्क्रीन काळी ठिक्कर. दुकानदारानं बॅटरी काढली, लावली, बटण दाबून धरलं, पाठ उघडली. तासाभरानं त्याच्या कपाळावर घाम आला.

रविवारी त्यानंच आम्हाला गुलमंडीच्या मागं एका वयस्कर कारागिराकडं नेलं. त्या चाचांनी पहिलं काय केलं, तर लॅपटॉप उलटा केला. चष्मा कपाळावर सरकवून स्टिकर वाचलं, नंबर कागदावर लिहिला, कंपनीच्या साईटवर जाऊन तोच नंबर टाकला आणि तिथली फाईल उतरवून घेतली. एवढं झालं पाच मिनिटांत, फुकटात, माझ्या डोळ्यांसमोर. मग बोर्डावरची चिमुकली चिप काढून तिच्यात ते भरायला दुपार गेली. मशीन जागं झालं. मी देवाला हात जोडले. भाऊ हसला, त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच.

पुढच्या क्षणाला निळी स्क्रीन आली, आणि ती एक लांबलचक आकड्यांची किल्ली मागू लागली.

आतल्या डिस्कला पहिल्या दिवसापासून कुलूप होतं म्हणे. विंडोजनं आपोआप लावलेलं, मला पत्ताच नाय. बुडातला प्रोग्राम बदलला की ते कुलूप किल्ली मागतं, आणि किल्ली असते विंडोजच्या ज्या खात्यावरून मशीन पहिल्यांदा चालू केलं त्या खात्यात. ते खातं काढलेलं आपल्या माणसानं. गिऱ्हाईक आलं की तो मनाला येईल ते नाव टाकून एक खातं काढून द्यायचा. माझ्यासाठी कुठलं नाव टाकलं, कुठला पासवर्ड, काही आठवेना. संध्याकाळपर्यंत तो नावं टाकत राहिला. चाचांनी शेवटी त्याचा हात धरला आणि मला म्हणाले, "सब अंदर हैच, बाजी. लेकिन खुलता नहीं."

आपला माणूस रडला. म्हणाला, "ताई, मुद्दाम केलं का मी?" नव्हतंच केलं त्यानं मुद्दाम. त्याला चार शिव्या घालता आल्या असत्या तर माझा जीव हलका झाला असता. पण शिवी घालायची कुणाला? त्यानं विचार केला नाय, तसा मीही केला नव्हता, आणि ज्यानं केला त्याचं तोंड मीच बंद केलं होतं. घरी येऊन मी कंपनीचं ते पान नीट वाचलं. सगळं लिहिलेलं होतं. कुठल्या मॉडेलला कुठली फाईल, चार्जर लावून ठेवा, आधी डिस्कचं कुलूप थांबवा, किल्ली जवळ ठेवा, फायलींची कॉपी करा. साध्या भाषेत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. मी ते पान दोनदा वाचलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खोटं सांगत नाय.

सोमवारी भाऊ एकटाच कचेरीत गेला. हातात वस्तीतल्या माणसांचे अंगठे घेतलेला कागद आणि फोनमध्ये शेवटच्या आठवड्याचे फोटो. साहेबांनी मागचे महिने मागितले. ते लॅपटॉपात आहेत, लॅपटॉप उघडत नाय, असं ह्यानं सांगितलं. साहेब म्हणाले, एका आठवड्यावरून मी काय लिहू. त्यांचंही बरोबरच होतं. मेलं सगळ्यांचंच बरोबर होतं. प्रस्ताव वरती गेला, त्यात गाव होतं, वस्ती नव्हती.

एप्रिलमध्ये शेतातली ती लांबची विहीर आटली. मालकानं कुणाला अडवलं नव्हतं, पण गाळ कोण पिणार. आधी बाळंतिणी माहेरी गेल्या. मग शाळेची परीक्षा झाल्याबरोबर घरं हलायला लागली, कुणी साखर कारखान्याच्या बाजूला, कुणी वाळूजला, कुणी पुण्याकडं, आणि मागं कुलपं उरली. भावानं मेंढरं विकली. मला कळवलं नाय, बाजारात विकून मोकळा झाला. मी फोन केला की तो फक्त व्हय, नाय एवढंच बोलायचा. एकदाही म्हणाला नाय की तुझ्यामुळं झालं. म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या तोंडून ते ऐकायची वाट बघत होते.

मे महिन्यात तो बायकोपोरांना घेऊन शहरात आला. माझ्या घरात राहा म्हटलं, राहिला नाय. आमच्या मागच्याच बिल्डिंगीच्या कामावर लागला, पत्र्याच्या खोलीत. त्याचं काम म्हणजे नव्या स्लॅबला पाणी मारणं. सिमेंटची आळी बांधून त्यांत पाणी तुंबवून ठेवायचं, सात-आठ दिवस वाळू द्यायचं नाय. खाली टँकर लागलेला, वर हा पाईप धरून उभा.

जून कोरडा चालला होता. पुढच्या सालासाठी पुन्हा प्रस्ताव घेणार आहेत असं मला कुणाकडून तरी कळलं. मी नवा लॅपटॉप घेतला होता, खातं स्वतः काढलं होतं, किल्ली दोन कागदांवर लिहून कपाटात ठेवली होती. रविवारी सकाळी डब्यात भाकरी-पिठलं घेऊन मी त्या स्लॅबवर चढले. घोटाभर पाण्यात तो अनवाणी उभा होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, की ह्या खेपेला मी सगळं नीट शिकून घेतलंय, तीन ठिकाणी कॉपी ठेवीन, काही हरवू द्यायची नाय, आपण येत्या सोमवारपासून पुन्हा फोटो काढायला सुरुवात करू.

त्यानं डबा घेतला, कोरड्या विटेवर ठेवला. पाईपचं तोंड खाली करून माझ्याकडं बघितलं.

"फोटो कुनाचं काढायचं, अक्का?"

मुकादमानं खालून हाक मारली, आणि तो पाईप ओढत पुढच्या आळ्याकडं गेला.