बीर म्हणजे एक

मुनव्वर दहा वर्षांची होती तेव्हा तिच्या बापाची विहीर एका शब्दापायी गेली.

बाप खुर्शीद इराकातल्या ताउकजवळच्या गावातला तुर्कमान. डाळिंबांची बाग, बागेत विहीर आणि तोंडात तुर्कमानीखेरीज दुसरी भाषा नाही. एका कोरड्या वर्षी शेजारचा सबरी गयावया करत आला, म्हणून खुर्शीदने त्याला आठवड्यातली एक पाळी पाणी दिलं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, पाळी थांबली. तर सबरीने किर्कुकच्या कोर्टात दावाच ठोकला की विहीर मला देऊन टाकलीय.

न्यायाधीश बगदादकडचे, अरबी बोलणारे. मध्ये दुभाषी झैनल अफंदी. तुर्कमानच, आणि वर सबरीचा मेहुणा.

"सबरीला काय दिलंस, विचारतायत," झैनल म्हणाला.

खुर्शीदने तर्जनी वर केली आणि ठणकावलं, "बीर!"

तुर्कमानीत बीर म्हणजे एक. एक पाळी. पण तोच शब्द जरा लांबला की अरबीत विहीर होते, आणि ओरडताना तो लांबला होता. न्यायाधीशांनी स्वतःच्या कानांनी 'विहीर' ऐकलं. खात्रीसाठी त्यांनी झैनलकडे पाहिलं. झैनलने नुसती मान डोलावली. मग त्याने खुर्शीदचं ते वर केलेलं बोट धरलं, शाईत दाबलं आणि कागदावर टेकवलं.

"झालं तुझं काम. जा घरी."

मुनव्वर दाराशी उभी राहून बघत होती.

बाग दोन उन्हाळ्यांत वाळली. खुर्शीद पिठाच्या गिरणीत पोती उचलू लागला. रस्त्यात टवाळ पोरं बोट वर करून "बीर! बीर!" ओरडायची. त्याने हाय खाल्ली आणि तिसऱ्या वर्षी गेला. त्याला अंघोळ घालणाऱ्यांना मुनव्वरच्या आईने सांगितलं, "ते बोट नीट धुवा."

मुनव्वरने डूख धरला. रडण्यात तिने वेळ घालवला नाही. ती अरबी शिकली, ती अशी की बगदादची माणसं विचारायची, कुठल्या मोहल्ल्यातली गं तू? बाजारात दही विकणाऱ्या बायकांजवळ बसून कुर्दी शिकली. तिच्याकडे एक वही होती, तिच्यात फक्त सारख्या आवाजाचे इवले शब्द. सू, तुर्कमानीत पाणी, अरबीत वाईट. दिल, तुर्कमानीत जीभ, कुर्दीत काळीज. आवाज एक, पण प्रत्येकाचं कूळ वेगळं, एकाचा दुसऱ्याशी रक्ताचा संबंध नाही. पहिल्या पानावर बीर होता. कुर्दीत बीर म्हणजे आठवण, हे कळलं त्या दिवशी तिने तेही त्याच पानावर लिहिलं.

बत्तिसाव्या वर्षी ती त्याच कोर्टात दुभाषी होती. नवऱ्याच्या नावाने नोंद असल्यामुळे ती कोणाची लेक हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. तिनेही सांगितलं नाही.

अशात सबरीने विहीर मुलांच्या नावे करायला घेतली. वरच्या वाडीतल्या कुर्दांनी हरकत घेतली की विहीर मुळात याची नाहीच. जुने कागद निघाले. कागदावर दुभाषी म्हणून सही झैनलची, म्हणून त्याला साक्षीला बोलावलं.

झैनलला वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. हात-पाय सावरले, पण शिकलेली अरबी पार पुसली गेली. उरली ती आईची तुर्कमानी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने बोलणाऱ्याला आता स्वतःला दुभाषी लागत होता.

खोटा अर्थ सांगून त्याला बुडवायचं, असं मुनव्वर आठवडाभर घोकत होती. पण त्याला पिंजऱ्यात उभा पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं, याची गरजच नाही.

"त्या दिवशी खुर्शीद काय म्हणाला होता?" नव्या न्यायाधीशांनी अरबीत विचारलं. तिने तसंच तुर्कमानीत विचारलं.

झैनल ओठ चाटत म्हणाला, "बीर."

"बीर? म्हणजे विहीर दिली," न्यायाधीश कारकुनाकडे वळले.

"साहेब," मुनव्वर म्हणाली, "साक्षीदार 'एक' म्हणाला."

"एक काय?"

ती झैनलकडे वळली. "एक काय, अफंदी?"

आता त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळ, भुवया सगळं खुर्शीदचं. त्याचा चेहरा उतरला. "पोरी, काहीतरी सांग ना. सांभाळून घे मला."

मुनव्वरने खणखणीत अरबीत सांगितलं, "साक्षीदार दुभाष्याला म्हणतोय, काहीतरी सांग, सांभाळून घे."

"हे कशाला सांगतेस!" झैनल कळवळला.

"साक्षीदार म्हणतोय, हे कशाला सांगतेस."

सबरी बाकावरून उठून ओरडला, "तोंड बंद ठेव, म्हाताऱ्या!" तिने तेही सांगितलं. कारकून भराभर लिहीत होता.

"एक काय?" तिने पुन्हा विचारलं.

"पाळी," झैनल म्हणाला. "पाण्याची एक पाळी. मला माहीत होतं." आणि कठड्यावर झुकून, फक्त तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू, "तुझ्या बापाचा गुन्हेगार आहे मी. माफ कर गं."

"आणखी काय म्हणतोय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आणखी काही नाही, साहेब."

जुना निवाडा रद्द झाला. विहीर खुर्शीदच्या वारसांकडे, म्हणजे मुनव्वरच्या भावाकडे आली. दुभाषी खुर्शीदचीच लेक हे कळल्यावर न्यायाधीशांनी दुसऱ्या दुभाष्याला बोलावून, साक्षीत नोंदलेला प्रत्येक शब्द तपासून घेतला. एकही चुकीचा निघाला नाही. झैनलची पेन्शन बंद झाली. ज्या चहाखान्यात लोक उठून त्याला जागा द्यायचे, तिथे त्याच्या बाकावर कोणी बसेना. दुसऱ्या झटक्याने तुर्कमानीही गेली.

हिवाळ्यात त्याची बायको नझिरा मुनव्वरच्या दारी आली. घरात घेतलं तरी ती बसली नाही.

"माझा म्हातारा आता भिंतीकडे तोंड करून रडतो," ती म्हणाली. "बोलता येत नाही. मी तुमच्या आणि सबरीच्या, दोन्ही घरांपासून तोंड लपवून जगतेय. एवढंच सांग, त्या दिवशी कोर्टात शेवटी तो तुझ्याजवळ काहीतरी पुटपुटला. सबरी म्हणतो, पुटपुटला. माफी मागितली का त्याने? मागितली असेल तर मला निदान त्याच्या उशाशी बसवेल."

मुनव्वरने तिच्यासाठी चहा ओतला होता, तो पेला तिने नझिरापुढे सरकवला.

"नाही," ती म्हणाली. "माफी नाही मागितली त्याने."

नझिरा चहा न पिताच गेली.