हिरवी पाटी

आता लपवून तरी काय उपयोग? माझ्या फजितीची हकिकत राजुरीच्या बाजारात भाजीवाल्यांनासुद्धा पाठ आहे. मग तुम्ही ती दुसऱ्याकडून तिखटमीठ लावलेली ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच, अचूक स्वरूपात ऐकलेली बरी.

मी प्राणिशास्त्राची प्राध्यापिका. निवृत्त. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होते. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून तीन तास पडून राहिले, आणि तेव्हापासून माझ्या मुलीने, मुक्ताने, एकच धोशा लावला. पिंपरी पेंढार गावाजवळ ज्येष्ठांची एक वसाहत आहे, तिथे जा. वृद्धाश्रम नव्हे हं, वसाहत! प्रत्येकाचं स्वतंत्र घर, भाजीचे वाफे, वाचनालय, नाटकमंडळ.

जाहिरातीत लिहिलेल्या कोणत्याही गोष्टीवर मी पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नाही. म्हणून आमचा करार ठरला. मी तिथे आठ दिवस राहायचं. जिवाला धोका होईल असा एक जरी दोष सापडला, तरी विषय कायमचा बंद. नाही सापडला, तर पुण्याचं घर सोडायचं. त्या घरात माझी चाळीस वर्षांची पुस्तकं होती. तेव्हा मी कोणत्या ईर्ष्येने वही घेऊन निघाले असेन, याची कल्पना करा!

पहिल्या चार दिवसांत वहीत फक्त तीन नोंदी झाल्या. एक, आमटी गोड. दोन, वाचनालयात कपाटांवर क्रमांक नाहीत. तीन, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी शंका. ही तिसरी नोंद सुमनबाईंमुळे. त्या जवळच्या राजुरीहून येत, स्वयंपाकघर सांभाळत आणि सकाळी चहाची किटली घेऊन घरोघर फिरत. मी विचारलं, "तुमचं शिक्षण?" तर म्हणाल्या, "चौथी. का वो बाई, च्या कडू झालाय का?"

बाकी, प्रामाणिकपणे सांगायचं तर, माणसं माझ्यापेक्षा उत्साही होती. पंचाहत्तरीची मंडळी पहाटे टेकडी चढून येत, वाफ्यातल्या मेथीवरून भांडत आणि जेवायला पुन्हा एकत्र बसत. मी हे सगळं पाहिलं. वहीत मात्र लिहिलं नाही.

मला खरा राग होता तो पाटीचा. प्रत्येकाच्या फाटकावर एक पत्र्याची पाटी टांगलेली. झोपताना लाल बाजू पुढे करायची, उठल्यावर हिरवी. साडेसातपर्यंत हिरवी झाली नाही, तर शेजाऱ्याने दार वाजवायचं. माझं घर सात नंबरचं, शेजारी तात्या. आंबेगाव तालुक्यातल्या लोणी गावचे, एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेले. पहिल्याच सकाळी त्यांनी काठीने दार बडवलं.

"बाई, हाय का?"

'आहे का' हा प्रश्न इतक्या गांभीर्याने मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता!

मी रात्री उशिरापर्यंत वाचते आणि आठला उठते. प्रौढ माणसांची ही हजेरी कशाला? मी त्यावर शास्त्रशुद्ध उपाय काढला. रात्री दिवा मालवण्यापूर्वीच पाटी हिरवी करून ठेवायची. तीन दिवस कुणी दार वाजवलं नाही. मी स्वतःच्या बुद्धीवर बेहद्द खूश.

पाचव्या संध्याकाळी नाटकाची तालीम पाहायला गेले. शेतकऱ्याच्या बायकोला बिबट्या दिसतो असा प्रवेश होता. तात्या दिग्दर्शक. मला गप्प बसवेना. म्हटलं, "घाबरलेला माणूस असा सुरात ओरडत नाही. आवाज फाटतो, शब्द तुटतात."

तात्या म्हणाले, "मंग तुमीच करा की बाईचं काम!"

"विचार करून सांगते," मी म्हटलं. हे वाक्य ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी थंडीने सातलाच जाग आली. दोरीवरची शाल घ्यायला मागच्या अंगणात गेले. वाऱ्याने दार लागलं आणि खटका आतून बसला. अंगण म्हणजे दहा पावलांची जागा. तिन्ही बाजूंना उंच जाळी, पलीकडे ऊस. फोन आत. चष्मा आत. पायांत चपलासुद्धा नाहीत.

तेवढ्यात ऊस हलला.

वारा असेल, मी स्वतःला समजावलं. पण वारा सगळा ऊस हलवतो. इथे एकच ओळ हलत होती, आणि ती ओळ माझ्या दिशेने येत होती! या भागात बिबट्या उसातच राहतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी ते वर्गात शिकवलं होतं. जाळीच्या खाली पिवळसर, ठिपक्यांचं काहीतरी दबकत आलं आणि थांबलं. पाठ वळवायची नाही, पळायचं नाही, एवढं आठवलं. पळणार तरी कुठे?

समोरच्या रस्त्यावर तात्यांचा आवाज आला. "बाईंची पाटी हिरवी हाय. उठल्यात. चला, आज तालीम सकाळीच हाय!"

अहो, थांबा! पण तोंडातून शब्दच फुटेना. पावलं दूर गेली. जाळीखालची जागा कुणीतरी उकरू लागलं. मी धुण्याच्या दगडावर चढले, खराटा हातात घेतला आणि जिवाच्या आकांताने किंचाळले.

"बि... बिब... अहो कुणी... या... बिबट्या!"

तालमीचा मांडव रस्त्यापलीकडेच होता. तिथून तात्यांचा आनंदी आवाज आला.

"आयला! बाईंनी काम घेतलं रं!"

आणि टाळ्या! मी पुन्हा किंचाळले. टाळ्या वाढल्या.

"लई झ्याक, बाई! पन शेवट जरा लांबवा!"

मी लांबवला. इतका की आवाजच बसला. आता मरण निश्चित होतं, आणि तेही प्रेक्षकांच्या पसंतीचं.

त्याच क्षणी मागे दाराचा खटका वाजला. कचेरीतल्या जादा किल्लीने पुढचं दार उघडून आलेल्या सुमनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दगडाकडे, खराट्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. जाळीखालून आत आलेला प्राणी दगडाला अंग घासत होता.

"बाई, ही मांजर चावत न्हाई वो."

वर्गीकरणाच्या दृष्टीने मी पूर्ण चुकले नव्हते. कूळ एकच आहे. पण ते सांगायला आवाज कुठे होता?

खाली उतरले. कसंबसं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं? पाटी तर हिरवी होती."

"व्हती ना. पन समद्यांच्या पाटीवर बोटं उमटली व्हती. तुमच्या पाटीवर दव जसंच्या तसं. म्हनलं, ही रातीच फिरवल्याली हाय. मंग आज सकाळी बाईंना बघितलंय कुनी?" त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. "च्या घ्या. गोड केलाय."

अहो, तीस वर्षं मी मुलांना निरीक्षण शिकवलं! तीस वर्षं! आणि मी त्या पाटीकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

आत जाऊन चष्मा लावला, वही काढली आणि तिसरी नोंद खोडली.

संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. माझा घोगरा आवाज ऐकून आधी घाबरली. मग हळूच म्हणाली, "आई, खरं सांग. जिवाला धोका होईल असा दोष सापडला का?"

"सापडला."

"अगं बाई! कुठे?"

"सात नंबरच्या घरात राहतो," मी म्हटलं. "आणि त्याची पुस्तकं पुढच्या आठवड्यात पाठवून दे."