हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक

गेल्या दसऱ्याला मी माझ्या धडधाकट वडिलांच्या मरणाची बातमी मुरबाडला पोचवली, आणि तीही तसा एक शब्द तोंडातून न काढता.

आमचे आबा सापगावचे. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, तेव्हापासून त्यांना स्कूटरवर मागे बसवून फिरवणं हे माझं काम झालं. दवाखाना, लग्नं, कुणाचं बारावं-तेरावं, आणि दसऱ्याला आपट्याचं सोनं द्यायला मुरबाडची आत्या. (आत्याकडे दरवर्षी त्याच गप्पा आणि तोच चिवडा. मी नुसता ऐकून दमतो.) मग शहापूरला अंधांना पांढरी काठी आणि बोलणारा फोन शिकवायचा वर्ग निघाला. मला वाटलं, सुटलो. झालं उलटंच, आता दर बुधवारी त्यांना वर्गालाही न्यावं लागायला लागलं.

वर्गात आबांपेक्षा बोलणी मीच जास्त खाल्ली. त्यांनी काठीनं पायरी चाचपायच्या आत मी त्यांचा दंड धरायचो, आणि मॅडम म्हणायच्या, "दादा, हात सोडा." एकदा तर त्यांनी माझ्याच डोळ्यांना पट्टी बांधून मला काठी घेऊन चालायला लावलं. मी सरळ जाऊन वडापावच्या गाडीला धडकलो. गाडीवाल्यानं मला हाताला धरून बाजूला केलं आणि फार आपुलकीनं विचारलं, नवीन आहात का. आबा मात्र तोवर शहापूरच्या स्टँडवर एकटे फिरायला लागले होते.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "उद्या मुरबाडला मी एकलाच जानार. यष्टीनं."

मी नको म्हटलं. सणाची गर्दी, गाडी चुकेल, भलत्याच थांब्यावर उतराल, असं सगळं सांगून झालं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "माजी बहीन हाय ती. तिच्याकडं मला पोत्यासारखा कोन उतरवून ठेवतो, ते मला नाय बरं वाटत." मी हो म्हणून टाकलं. भीती मात्र गेली नाही. रात्रभर मी कूस बदलत होतो.

सकाळी पूजा. दसऱ्याला आमच्याकडे कोयता, विळे, फवारणीचा पंप, सगळी हत्यारं मांडतात, आणि पूजेतल्या वस्तूला संध्याकाळपर्यंत कोणी हात लावत नाही. हल्ली घरातले सगळे मोबाइल आणि अंगणातली स्कूटरही पूजेत असते. त्या खेपेला मी आबांचा फोन आणि काठीही मांडली. त्यांचीही आता हत्यारंच की ती.

आबांच्या फोनची एक खोड आहे. एकदा बोट टेकलं की तो नाव वाचतो आणि पाठोपाठ दोनदा टेकलं की सांगितलेलं काम करून मोकळा होतो. मी हळदीचं एक बोट लावलं, कुंकवाचं एक. फोन काहीतरी बडबडला, पण मी त्या वेळी घंटा वाजवत होतो. (तो बडबडतच असतो.) ती दोन बोटं नेमकी आत्याच्या नावावर पडली होती, आणि तिकडे मुरबाडला तिनं फोन उचलला. तिला ऐकू आली घंटा, आणि माझा आवाज: "आबांचं सगळं सामान इथं नीट मांड. हार घाल. आता सगळ्यांनी हात जोडा." धूप जास्त झाला होता म्हणून शेजारी आई नाक ओढत होती. मग मी तीर्थ शिंपडलं आणि फोन कायमचा गप्प झाला.

आबांनी चाचपत येऊन फुलांतून काठी उचलली. मी म्हटलं, "आबा, पूजेतली हाय ती." ते म्हणाले, "माजा पाय पूजेत ठेवलास तर मी चालू कशानं?" आणि खिशात आपट्याची पानं घालून, काठीवरच्या हळदीकुंकवासकट, निघाले. मी त्यांच्या मागे स्कूटर काढणार, तर आईनं गाडीला हात लावू दिला नाही.

दुपारी दारात जीप थांबली. आत्या गेटपासूनच रडत आली, मागे तिचा मुलगा सुनील भला मोठा हार घेऊन. बिचाऱ्यांनी सकाळपासून आमच्या घरातला प्रत्येक नंबर फिरवला होता, आणि घरातला प्रत्येक मोबाइल आवाज बंद करून झेंडूखाली होता. समोर आई कपाळभर कुंकू लावून पुऱ्या तळत होती. आत्या रडायची थांबून तिच्या कपाळाकडे बघत राहिली.

"दादा कुठंय?" तिनं मला विचारलं.

"तुमच्याकडंच यायला निघालेत," मी म्हटलं.

तेवढ्यात सुनीलला मुरबाडच्या शेजाऱ्यांचा फोन आला. मामा येऊन तुमच्या ओट्यावर बसलाय, हातात हळदकुंकवाची काठी आहे, आणि सकाळी बातमी कळलेले लोक जवळ जायला तयार नाहीत, पाणी कोणी द्यायचं.

पूजा राहिली बाजूला. जीप पुढे आणि मी स्कूटरवर मागे, असे आम्ही मुरबाडला पोचलो. आत्यानं आबांना मिठी मारली, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा मिठी मारली. आबांनी खिशातलं सोनं तिच्या हातावर ठेवलं. "सनाचं घर बंद करून कुठं गेलतीस गो?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी असा बघितला. मला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली.

संध्याकाळी मी नेहमीच्या सवयीनं म्हटलं, "चला आबा, बसा मागं."

"मी यष्टीनंच जातो. तू सावकाश ये," ते म्हणाले, आणि स्टँडकडे चालू लागले.

किन्हवलीच्या अलीकडे माझी स्कूटर बंद पडली. आबांच्या काळजीत पेट्रोल टाकायचं राहून गेलं होतं. स्कूटर ढकलत दमून रस्त्याकडेला उभा राहिलो, तोच मागून यष्टी आली. खिडकीत आबा बसलेले, वारा खात. माझ्या जिवात जीव आला. मी दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांतानं हलवत राहिलो. यष्टी लांब निघून गेल्यावर, हात खाली घेताना माझ्या लक्षात आलं, की हाक मारायला हवी होती.