आडात टाकलेलं पत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, लेकरांना नाही. मग तुम्हाला का सांगायलोय? ठाऊक नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनही असेल.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. अहमदपूरजवळ आमचं गाव. पावसानं तोंड फिरवलेलं, आडाचा तळ उघडा पडलेला. बारावी होऊन मी इंजिनिअरिंगचे दोन फॉर्म भरले — एक नांदेडला, एक पुण्याला. नांदेडचं कॉलेज स्वस्त, जवळचं. पुण्याचं महागडं, पण लई नावाजलेलं. अप्पांचं गावात किराणा दुकान होतं आणि थोडं रान. ते म्हणाले, नांदेडला नंबर लागला तर तिकडंच जा, म्हणजे महानंदालाही लातूरला शिकवता येईल. महानंदा माझी धाकटी बहीण. दहावीला शाळेत पहिली आलेली. खरं सांगू? माझ्यापेक्षा हुशार.

नांदेडचं पत्र आलं. नंबर लागला होता. पोस्टमननं ते माझ्याच हातात दिलं आणि मी — मी ते दगडाला गुंडाळून आडात टाकलं. पाऊस आला की लगदा होईल, एवढी माझी अक्कल.

आता अप्पांना काय सांगायचं? म्हणालो, नांदेडचं जमलं नाही. रहिवासी दाखल्यावर जुन्या जिल्ह्याचा शिक्का होता, म्हणून फॉर्म बाद झाला. तो दाखला दोन दिवस कचेरीत उभं राहून अप्पांनीच आणला होता. ते निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, मराठी वाचता येत नव्हतं. शिक्का नव्याच जिल्ह्याचा होता हो. पण त्यांना कसं कळणार?

अप्पा उंबऱ्यावरच बसले. "माझ्याच हातानं वाटोळं झालं की, लेकरा."

तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोललो.

पुण्याला नंबर लागला होता, तिथं तो दाखला लागत नव्हता. रान विकून त्यांनी मला पुण्याला धाडलं. महानंदाचं लातूर राहिलं ते राहिलंच. वर्षाच्या आत तिला मुखेडला देऊन टाकली. पुढं घरात कुठलाही कागद आला, अगदी लग्नाची पत्रिकासुद्धा, की अप्पा जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवायचे — शिक्का बरोबर हाय का, बघ बरं. लोक हसायचे. एकदा मीही हसलो. लाज वाटते सांगायला, पण हसलो.

अप्पांची माती झाली त्या दिवशी महानंदा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, तू पुण्याला गेलास त्याच महिन्यात मी आडात उतरले होते. तळाचं पाणी वाटीवाटीनं भरायला गावच्या पोरी उतरायच्या, तशी. तिथं कडेला, कोरड्या जागी, दगडाला गुंडाळलेलं पत्र सापडलं. कोरडं ठणठणीत. सगळं वाचता येत होतं.

कसंबसं विचारलं, मग अप्पांना सांगितलं का नाहीस?

"त्यांना स्वतःची चूक सोसली, दादा. तुझी सोसली नसती."

एवढं बोलून ती पाहुण्यांना चहा द्यायला आत गेली.

शिक्का बरोबर होता. अप्पा माझ्या त्या थापेनंतर बावीस वर्षं जगले आणि मी त्यांना एवढंही सांगितलं नाही.