धरणातल्या मूळ जागी

नवस बोलताना माणसाने थोडा विचार करावा, हे मला फार उशिरा कळलं. यजमानांच्या हृदयाचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी कुलदेवीला म्हटलं होतं, यांना घरी येऊ दे, तुझ्या मूळ जागी येऊन ओटी भरीन. ते सुखरूप घरी आले, आणि मग लक्षात आलं की मूळ जागा तर धरणात आहे. सासरचं गाव कळवणच्या पुढे होतं. आमच्या लग्नाआधीच ते पाण्याखाली गेलं आणि गावकऱ्यांनी देवी उचलून काठावरच्या टेकाडावर नवं देऊळ बांधलं. सगळे नातेवाईक तिथेच ओटी भरतात. पण मी शब्द दिला होता मूळ जागेचा, आणि ती वैशाखात पाणी आटलं की तेवढे काही दिवसच उघडी पडते.

खरं सांगायचं तर तोवर माझी श्रद्धाही पातळ झाली होती. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. गोळ्या मी देते, पथ्य मी सांभाळते, जिना चढताना मागे मी उभी राहते, मग यात देवीने नेमकं काय केलं, असं मनात यायचं. यजमान हसून म्हणायचे, "डॉक्टरांनी सोडलं, तू कधी सोडतेस?" मला त्याचा रागच यायचा. मी जरा नजर हटवली की यांना काहीतरी होईल, ही भीती वर्षभर माझ्या मानगुटीवर बसली होती. नवस फेडायला निघाले तीही भक्तीने नव्हे, न फेडल्यास काय होईल या धास्तीने.

एका पहाटे आम्ही घराजवळच्या द्वारका चौकातून एसटी धरली आणि कळवणहून रिक्षा केली. रिक्षावाला आम्हाला काठावर सोडून, दुपारी न्यायला येतो म्हणून निघून गेला. पाणी खूप लांब मागे हटलं होतं. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोकांनी गाळपेर केली होती, म्हणजे पाणी मागे सरकेल तसतशी ओल्या गाळात काकडी, टरबूज लावायची आणि पावसाच्या आत काढून घ्यायची. त्या वाफ्यांपलीकडे जुन्या देवळाचा दगडी चौथरा दिसत होता. डावीकडे चिंध्या बांधलेल्या काठ्यांची एक रांग मोठा वळसा घेऊन तिकडे जात होती. मला वाटलं, कुणाच्या तरी वाफ्याची हद्द असेल. यजमानांना बाभळीखाली बसवलं, वाट बघून येते तोवर उठायचं नाही असं बजावलं आणि ओटीची पिशवी घेऊन मी सरळ समोर निघाले. वळसा घालणं माझ्या स्वभावातच नाही.

वाफे संपल्यावर गाळ वरून वाळून भेगाळलेला होता. वीसेक पावलं टाकली आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला, तर डावाही गेला. जितकी धडपडले तितकी खाली उतरले. पिशवी हातातून सुटली आणि नारळासकट गाळात दिसेनाशी झाली. मांडीपर्यंत बुडाल्यावर मी मागे पाहिलं, तर यजमान चपला काढून माझ्याकडे निघाले होते. मला ओढायला त्यांनी जोर लावला तर त्यांचं हृदय तो सोसणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, येऊ नका, येऊ नका. पण त्यांनी जन्मात माझं कधी ऐकलंय? आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातात काहीही उरलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि नुसतं "आई गं" म्हटलं.

तेवढ्यात एका बाईचा दणदणीत आवाज आला. "बाबा, थांबा तिथंच! बसा खाली! तुम्ही बी रुतले तर दोघांना काढाया मी एकटी पुरायची नाय." आणि नवल म्हणजे यजमान मटकन खाली बसले. चाळिशीची एक बाई वाफ्यातल्या झोपडीचं कुडाचं दार डोक्यावर घेऊन धावत येत होती. दार माझ्यामागे आडवं टाकून ती म्हणाली, "मावशे, पाय उपसू नको. पाठीवर पड."

"अगं, पण त्यांचं..."

"बाबा बसलेत. मी बघते त्यांच्याकडं. तू पड."

मी अंग सोडून दिलं. डोक्यावर नुसतं पांढरं ऊन होतं. ती एकेका पायाभोवतीचा गाळ हाताने सैल करत राहिली, घाई न करता, वाफ्यातलं गवत काढावं तसं. अर्ध्या तासाने पाय आपोआप वर आले.

तिचं नाव हिराबाई. काठ्यांची ती रांग म्हणजे गाळाखालची जुनी गाडवाट. खाली मुरूम असल्याने तेवढीच पक्की. "आज बाजार हाय, समदे कळवणला गेले," ती म्हणाली. "मी बी निघाले होते, पण जावंसंच वाटलं नाय." कुणी याला योगायोग म्हणेल. मी त्या माणसाशी वाद घालणार नाही.

तिनेच आम्हा दोघांना त्या वाटेने चौथऱ्यावर नेलं. तिथे मूर्ती नव्हती, ती बसवलेली होती तिथला खळगा तेवढा होता. माझं लुगडं चिखलाने भरलेलं आणि हात रिकामे. न खण, न नारळ. मी तसंच डोकं टेकलं. एरवी देवापुढे माझी मोठी यादी असते, त्या दिवशी मागायला काहीच सुचेना. मग एक वाक्य तोंडून निघालं, जे घरात मी हजारदा हात झटकून, चिडून म्हटलेलं आहे. इथे ते अगदी सावकाश आलं: आई, आता तूच बघ.

डोळ्यांना धार लागली. यजमान भर उन्हात शेजारी उभे होते. मी त्यांना बसा म्हटलं नाही.