हरेल त्याच्या हाती खडू: नाताळातलं वॉचेट

वॉटफर्डच्या काकांनी "मग स्कोअर कोण ठेवणार?" असं विचारलं, त्याच संध्याकाळी मी वॉचेटमधली खोली बुक केली.

काका म्हणजे सख्खे काका नव्हेत, आईच्या मैत्रिणीचे यजमान. दर बॉक्सिंग डेला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्या घरी वीस-पंचवीस मराठी माणसं जमतात, पावभाजी होते आणि कॅरमची स्पर्धा होते. इथे आले त्या पहिल्या वर्षी गुणांवरून वादावादी झाली होती. मी लॅपटॉप उघडून सगळं नीट मांडून दिलं आणि तिथेच फसले. तेव्हापासून दरवर्षी मी कोपऱ्यात बसून इतरांचे गुण टिपते. या वर्षी फोन करून म्हटलं, "काका, मला खेळायचंय. माझं नाव घाला."

ते मनापासून हसले. "अगं, तुझ्याइतकं चोख कोणाला जमतं? मग स्कोअर कोण ठेवणार?"

कौतुक करून दिलेल्या नकारावर भांडताही येत नाही. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

वॉचेटच का, हे सांगते. मला डार्ट्स आवडतं, गोल बोर्डवर छोटे बाण फेकायचा खेळ. इथल्या पहिल्या हिवाळ्यात ब्रॅकनेलच्या घरातले बाकी सगळे भाडेकरू आपापल्या गावी गेले होते. टीव्ही लावला तर हजारो मोठी माणसं गाजर, नन आणि ट्रॅफिक कोन असे वेष करून एका सुरात गात होती, आणि समोर दोन माणसं शांतपणे बोर्डवर नेम धरत होती. इथे डिसेंबरात अर्धा देश हेच बघतो. मी बघत राहिले ते वजाबाकीसाठी. पाचशे एकपासून खाली यायचं, आणि शेवटचा डार्ट बाहेरच्या अरुंद कड्यातच लागला पाहिजे. त्या कड्यात गुण दुप्पट होतात, म्हणून त्याला डबल म्हणतात. नेमका शून्य आला तरच डाव सुटतो. दिवसभर सेन्सर तपासणाऱ्या मुलीला याहून नीटनेटका खेळ कुठे मिळणार? मी बोर्ड आणि स्टँड आणला, गालिच्यावर दोन पॉइंट तीन सात मीटरवर उभं राहायच्या रेषेसाठी चिकटपट्टी लावली आणि दोन हिवाळे एकटीने खेळले.

सप्टेंबरात मैत्रिणीबरोबर वॉचेटला गेले होते, तेव्हा तिथल्या पबच्या दारावर बॉक्सिंग डेच्या नॉकआउटचं पोस्टर होतं. टीव्हीवरचं डार्ट्स नाताळापुरतं थांबतं, त्या मोकळ्या जागेत गावं आपापल्या स्पर्धा भरवतात. खाली लिहिलं होतं: प्रवेश सर्वांना, पाच पाउंड.

मैत्रीण म्हणजे ऋचा. मूळची नागपूरची, नोकरी बेसिंगस्टोकला. गाडी तिची.

"डार्ट्स? काऊन वं?" ती म्हणाली. "लोक ख्रिसमसला एडिनबरोला जातात, लाइट्स बघतात, फोटो काढतात."

"तू नको येऊस."

"मग जाशील कशी? सव्वीसला ट्रेन तुझ्यासाठी धावणारे का?"

मुद्दा बरोबर होता. बेत करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: पंचवीस डिसेंबरला या देशात ट्रेन धावत नाही, आणि सव्वीसलाही जवळजवळ तीच गत. गाडी नसेल तर चोवीसलाच पोचा.

सव्वीसला सकाळी ब्रॅकनेलहून निघालो. एम फोर पश्चिमेला, ब्रिस्टलजवळ एम फाइव्ह, ब्रिजवॉटरला उतरून ए थर्टीनाइन. तीन तास धरा. रस्ता रिकामा होता, फक्त ब्रिस्टलच्या मॉलकडे वळणाऱ्या लेनमध्ये सेलसाठी निघालेल्यांची रांग लागली होती. पेट्रोल गावातच भरून घ्या, मोटरवेवर महाग पडतं. आम्ही मेथीचे पराठे, लसणाची चटणी आणि थर्मासमध्ये चहा घेतला होता, कारण निम्मी दुकानं बंद असतात. ब्रिजवॉटरनंतर रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं येतात आणि समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी मागे जायचं असतं. ऋचा मागे जात नाही. ट्रॅक्टर गेला.

वॉचेट हे छोटं बंदर आहे. इथे भरती-ओहोटीत पाण्याची पातळी इतकी बदलते की पोचलो तेव्हा बंदरात तपकिरी चिखल होता आणि बोटी त्यात म्हशींसारख्या बसल्या होत्या. खोली एका चहाच्या दुकानावर, दोघींना मिळून पंच्याऐंशी पाउंड. सकाळचा नाश्ता मिळणार नव्हता, पण मालकिणीने टेबलावर सुक्या मेव्याचे दोन गोड मिन्स पाय ठेवले होते. रस्त्यावर नव्या सायकली आणि नवे मफलर फिरत होते, कुत्र्यांच्या डोक्यावर रेनडिअरची कापडी शिंगं होती. सव्वीसला "मेरी ख्रिसमस" म्हणत नाहीत. "ख्रिसमस छान गेला ना?" असं विचारतात. "शांत गेला, थँक यू," एवढं उत्तर पुरतं.

पबमध्ये लाकडाची शेकोटी पेटलेली होती आणि डार्टबोर्डच्या दिव्याभोवती झिरमिळ्या गुंडाळलेल्या होत्या. बारमागे मालकीण मॉरीन, डोक्यावर कालच्या नाताळच्या जेवणातलाच कागदी मुकुट.

"काय देऊ, माय लव्हर?" तिने ऋचाला विचारलं.

ऋचा माझ्याकडे वळली. "हे काय म्हणाली ही मला?"

"इकडे सगळ्यांना म्हणतात. ऑर्डर दे."

फळ्यावर टर्की करी होती, नऊ पाउंड. बॉक्सिंग डेला उरलेल्या टर्कीची करी करायची ही यांची जुनी पद्धत. ऋचाने घेतली, मी चिप्स घेतले. एक घास खाऊन ती खालच्या आवाजात म्हणाली, "अरे बाप्पा. यात मनुका आहेत." मॉरीन उत्सुकतेने बघत होती. ऋचाने अंगठा वर केला आणि पाण्याचा ग्लास ओढला.

मी नाव द्यायला उठले. स्पर्धेची जबाबदारी केन नावाच्या आजोबांकडे होती. त्यांच्याजवळ एक छोटी पाटी होती आणि तिच्यावर सामने मांडलेले होते.

"रॅफलच्या सोडतीची तिकिटं बारवर मिळतील, माय लव्हर," केन म्हणाले.

"रॅफल नको. नॉकआउटमध्ये खेळायचंय."

शेजारी कॉलिन नावाचा एक स्वेटरवाला उभा होता. व्यवसायाने प्लंबर, स्वेटरवर रेनडिअर, रेनडिअरच्या नाकात लाल दिवा चमकतोय. "कुठून आलीस?"

"ब्रॅकनेलहून."

"आयटीत ना? मग बेस्ट! आम्हाला चॉक करायला कोणीतरी हवंच होतं. तुम्हा लोकांना वजाबाक्या झटपट येतात. खेळून कशाला दमतेस?"

चॉक करणं म्हणजे बोर्डशेजारी खडू घेऊन उभं राहायचं आणि कोणाचे किती उरले ते फळ्यावर लिहायचं. कॉलिन हे अगदी प्रेमाने म्हणाला, आणि राग त्याचाच आला. तीन तास गाडीत बसून मी परत वॉटफर्डलाच पोचले होते. फक्त इथे काकांच्या स्वेटरला नाक होतं.

परत फिरून चालणार नव्हतं, कारण वॉटफर्डलाही हेच होतं. मी केनना विचारलं, "इथे चॉक कोण करतं? नियम काय आहे?"

"नियम? हरेल तो पुढच्या मॅचला चॉक करतो. कायमच."

"मग मी हरल्यावर करेन. आधी नाही."

मग बारमागून मॉरीन ओरडली, "केन, लिही तिचं नाव. नियम तूच सांगितलास."

सगळ्या जोड्या ठरलेल्या होत्या, एकच जागा रिकामी होती. कॉलिनचा प्रतिस्पर्धी पोट बिघडल्याने आलाच नव्हता. मी नाव सांगितलं, केननी तिथे 'कॅट' एवढंच लिहिलं.

"केतकी," मी म्हटलं. "इंग्रजीत सहा अक्षरं. जागा आहे." त्यांनी बोटाने पुसून पूर्ण लिहिलं.

तीनपैकी दोन डाव जिंकेल तो पुढे. पहिला डाव मी सपशेल हरले. घरी माझ्या पाठीमागे फक्त रेडिएटर असतो, इथे पन्नास माणसं चघळत होती. माझा एक डार्ट बोर्डच सोडून झिरमिळ्यांत अडकला. कोणीतरी "हॅपी न्यू इयर!" ओरडलं आणि पब हसला. कॉलिनने मला तो काढून दिला. "इट्स ओन्ली अ बिट ऑफ फन," तो म्हणाला. मी डार्ट घेतला. मला ते फन नव्हतं.

दुसऱ्या डावात मी रेषेवरचा पाय घरच्या चिकटपट्टीवर ठेवावा तसा ठेवला आणि बोर्डपलीकडे बघणंच सोडलं. कॉलिन डबलपाशी अडखळत राहिला आणि तो डाव मी घेतला.

तिसऱ्या डावात त्याचे चाळीस उरले होते, माझे बत्तीस, आणि पाळी माझी होती, म्हणजे हातात तीन डार्ट. बत्तीसला सोळाच्या डबलवर नेम धरतात. डबल हुकून डार्ट साध्या सोळात पडला तर सोळा उरतात, म्हणजे आठचं डबल. तेही तसंच हुकलं तर आठ, म्हणजे चारचं. दोनदा चुकलं तरी हिशेब तुटत नाही, चुकायला जागा ठेवलेली असते. म्हणून मला बत्तीस आवडतात.

पहिला डार्ट साध्या सोळात गेला. मागून "ऊऊ". दुसरा साध्या आठात. कॉलिनने आपले डार्ट हातात घेतले होते. ऋचा काहीतरी नागपुरी बोलली, ते इथे लिहिता येणार नाही. तिसरा डार्ट मी चारच्या डबलवर टाकला आणि तो तिथेच बसला.

गेम.

ऋचा खुर्चीवर चढली. मॉरीनने तिला उतरवलं. कॉलिनने माझ्याशी हात मिळवला आणि केननी त्याच्यापुढे खडू धरला. पुढची मॅच माझी आणि टेरी नावाच्या निवृत्त पोस्टमनची होती. हरलेला म्हणून ती कॉलिनला चॉक करायची होती. तो बोर्डशेजारी जाऊन उभा राहिला, मग थांबला आणि स्वेटरच्या आत हात घालून त्याने रेनडिअरचं नाक बंद केलं. चॉक करणाऱ्याने खेळणाऱ्याचं लक्ष विचलित होईल असं काही करायचं नसतं. संपूर्ण दिवसात मला मिळालेला सगळ्यात मोठा मान तो होता. टाळ्यांपेक्षाही.

टेरीने मला सरळ दोन डावांत हरवलं. वेळ जास्त लागला नाही. तो चष्मा पुसायचा, तीन डार्ट टाकायचा, पुन्हा चष्मा पुसायचा. मी काही वाईट खेळले नाही, तो माझ्यापेक्षा चांगला होता. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मग मी स्वतःहून जाऊन कॉलिनकडे हात पुढे केला. "खडू."

"तुझा आहे," तो म्हणाला.

काम तेच होतं, वॉटफर्डला दरवर्षी करते तेच. पण केनच्या पाटीवर केतकी हे नाव होतं, त्यावर एक रेघ होती, आणि रेघ मारण्याआधी ते एक घर पुढे सरकलेलं होतं. एका खेळाडूने नेम धरता धरता विचारलं, "किती उरले?" मी म्हटलं, "शहाण्णव." इथे एवढंच सांगायचं असतं. कुठे मारायचं हे चॉक करणाऱ्याने सांगायचं नसतं. हा नियम मी आणखी काही घरांमध्ये लावू इच्छिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदर पाण्याने भरलं होतं आणि कालच्या म्हशी ताठ मानेने तरंगत होत्या. गावाबाहेरच्या किनाऱ्यावर कड्यांमध्ये गुलाबी-पांढऱ्या दगडाचे पट्टे दिसतात. ते बघायला जायचं तर आधी भरतीची वेळ तपासा, पाणी चढलं की वाट बंद होते. बूट चिखलात चालणारेच आणा. ऋचाने शेवटी हवे तेवढे फोटो काढले, चिप्स खाल्ले आणि परतीच्या वाटेवर म्हणाली, "पुढच्या वर्षी माझंही नाव दे. मला नेम नाही, पण मी ओरडते चांगली."

ब्रॅकनेलला पोचले तेव्हा घर थंड होतं. हीटिंग लावलं आणि कोट काढला. बाहीवर खडू लागलेला होता, तो झटकला. जपून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. गालिच्यावरची चिकटपट्टी कडेने सुटली होती, ती मोजून पुन्हा लावली. तेवढ्यात काकांचा फोन आला.

"अगं, तू नव्हतीस आणि सगळा गोंधळ झाला! सेमीफायनलला दोघांनी वेगवेगळा स्कोअर सांगितला. फायनलच झाली नाही. आता संक्रांतीला तिळगूळ आहे, तेव्हा सगळं नव्याने खेळायचं ठरलंय. तू येच. लॅपटॉप घेऊन ये."

"येते काका. माझं नाव घातलंत का?"

"अगं पण स्कोअर..."

"हरेल तो पुढच्या गेमचा स्कोअर लिहील. मी हरले की मी लिहीन, अगदी चोख लिहीन."

मागे काकूंचा आवाज आला, "घाला हो तिचं नाव. माझंपण घाला."

"बरं," काका म्हणाले. "आणि समज, पहिल्याच फेरीत तुझी गाठ माझ्याशी पडली, तर?"

"तर काका, पेन जवळ ठेवा."