नामाभाऊची बिडी

देवापुढची वात करपली की देवळीची ती जिनिंग आठवते. पंचवीस वर्षांपूर्वी मी तिथे सरकी भरायला होते. एका दुपारी कापसाची गंजी पेटली. मी धावत जाऊन मालकाला सांगितलं, "नामाभाऊच्या तोंडात पेटती बिडी होती, मी पाह्यली."

माझ्यासोबतच काम करणाऱ्या नामाभाऊला तिथल्या तिथे कामावरून काढलं. नंतर चौकीदारानं फाटकावरचा डबा दाखवला. सकाळी आत येताना सगळ्यांसारखीच जमा केलेली त्याची काडीपेटी त्यात तशीच होती. मालकानं ऐकलं नाही.

"ताई, खोटं काऊन बोलली वं?" एवढंच नामाभाऊनं विचारलं.

खोटं बोलले नव्हते मी, पाहण्यात चुकले होते. पण आता सांगू कुणाला? तो जाऊनही दहा वर्षं झाली. डोळे मिटले की आजही मला ती बिडी पेटलेलीच दिसते.